घेतलेले शस्त्र आणि पश्चात्तापाची जबाबदारी



माणूस आयुष्यात अनेक वस्तू खरेदी करतो आणि त्यांपैकी काहींबद्दल पुढे हळहळतो. ऐपतीबाहेरचे वाहन, लग्नकार्यात एकदाच अंगावर चढवलेली शेरवानी, शेजाऱ्याने घेतले म्हणून आपणही आणलेले एखादे यंत्र. ही हळहळ खिशापुरती असते. तोटा सोसला, वस्तू विकली अथवा कोणाला देऊन टाकली, की प्रकरण मिटते. परंतु एक खरेदी अशी आहे की तिच्याविषयीचा पश्चात्ताप खिशापाशी थांबत नाही. ती म्हणजे बंदुकीची खरेदी. घेणाऱ्याचे मन पालटले, त्याची भीती ओसरली, आपल्या निर्णयाची त्याला लाज वाटू लागली, तरी कपाटातील बंदुकीत तिळमात्र फरक पडत नाही. ती त्याच्या हातात जशी चालेल तशीच त्याच्या मुलाच्या, नोकराच्या किंवा चोराच्या हातातही चालेल. म्हणून आज आपल्यापुढे मांडावयाचा प्रश्न असा आहे: बंदूक घेतल्याचा ज्याला पश्चात्ताप झाला, त्याचे कर्तव्य काय? ती विकून टाकली म्हणजे तो मोकळा झाला काय?

आपण म्हणाल, हा प्रश्न अमेरिकेचा आहे. आपल्या देशात शस्त्रपरवाना मिळविणे सोपे नाही. हे बहुतांशी खरे आहे. म्हणूनच प्रथम अमेरिकेकडे पाहू. तेथील संशोधकांनी केलेल्या एका राष्ट्रीय पाहणीचा अंदाज असा, की जानेवारी २०१९ ते एप्रिल २०२१ या काळात सुमारे ७५ लाख प्रौढ व्यक्ती प्रथमच बंदुकीच्या मालक झाल्या. त्यांतील ५४ लाख लोकांच्या घरात तोवर बंदूक नव्हती. या नव्या मालकांत जवळपास निम्म्या स्त्रिया होत्या; कृष्णवर्णीयांचे प्रमाणही मोठे होते. महामारी, ओस पडलेले रस्ते, शहरांतील निदर्शने, निवडणुकीचे वातावरण, यांनी सामान्य माणूस भेदरला होता. ज्यांनी आयुष्यात कधी बंदूक हाती धरली नव्हती, ते दुकानांपुढे रांगा लावून उभे राहिले. याच पाहणीतील आणखी एक आकडा मात्र विचार करावा असा आहे. मालक बाजूला ठेवले, तर या खरेदीमुळे बंदूक असलेल्या घरात राहू लागलेल्या इतर माणसांची संख्या १ कोटी १० लाखांहून अधिक होती, आणि त्यांत ५० लाखांवर मुले होती. खरेदीचा निर्णय एकाचा. त्याच्या सावलीत राहणारे अनेक.

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. शस्त्र बाळगणे हेच पाप, असे इस्लाम सांगत नाही. अल्लाहवरील भरोसा (तवक्कुल) म्हणजे हातावर हात धरून बसणे नव्हे. उंट आधी बांध आणि मग भरोसा ठेव, ही प्रेषितांची (स.) शिकवण सर्वश्रुत आहे. उहुदच्या दिवशी आदरणीय प्रेषितांनी (स.) एकावर एक अशी दोन चिलखते परिधान केली होती. आपल्या प्राणाचे, कुटुंबाचे आणि मालमत्तेचे रक्षण करण्याचा अधिकार शरीअतने मान्य केलेला आहे. तेव्हा भयभीत होऊन कायदेशीर मार्गाने बंदूक घेणाऱ्या माणसाला आपण पापी म्हणू शकत नाही. त्याचा पश्चात्ताप हा चोरी किंवा निंदा केल्याच्या पश्चात्तापासारखा नाही. त्याने मुबाह, म्हणजे शरीअतने मोकळीक दिलेली गोष्ट केली. मग पश्चात्ताप कशाचा?

याचे उत्तर शोधताना हदीससंग्रहांतील शस्त्रविषयक शिष्टाचार पाहावेत. मशिदीतून किंवा बाजारातून बाण घेऊन जाणाऱ्याने त्याचे टोक हाताने झाकून धरावे. म्यानाबाहेर काढलेली तलवार एकाने दुसऱ्याच्या हाती देऊ नये. थट्टेतही आपल्या भावाकडे शस्त्र रोखू नये, मग तो सख्खा भाऊ का असेना. या तिन्ही आदेशांत शत्रू कोठेही नाही, हे आपल्या लक्षात आले असेल. मशिदीत नमाजी आहेत, बाजारात आपलेच लोक आहेत, तलवार घेणारा मित्र आहे, समोर भाऊ आहे. हात घसरेल, सैतान धक्का देईल, गंमत अंगाशी येईल, ही चिंता त्यामागे आहे. ज्या समाजाला रणांगण अपरिचित नव्हते, त्या समाजाला प्रेषितांनी (स.) शस्त्राच्या बाबतीत सावध केले ते जवळच्या माणसांच्या काळजीपोटी.

आजची संशोधने याच दिशेने बोट दाखवितात. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात २ कोटी ६० लाखांहून अधिक प्रौढांच्या नोंदींचा अनेक वर्षे पाठपुरावा करून २०२० साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. ज्या पुरुषांकडे पिस्तूल वा रिव्हॉल्वर होते, त्यांच्यात बंदुकीने आत्महत्या करण्याचे प्रमाण ते नसलेल्या पुरुषांच्या तुलनेत सुमारे आठपट होते. स्त्रियांत हे प्रमाण सुमारे पस्तीसपट होते. यावर कोणी म्हणेल, ज्यांना मरायचेच होते त्यांनीच बंदूक घेतली असणार. काही अंशी ते खरे आहे. खरेदीनंतरचे पहिले दिवस सर्वांत धोक्याचे असतात असे त्याच अभ्यासात दिसले. परंतु निम्म्याहून अधिक मृत्यू खरेदीला एक वर्ष उलटल्यानंतरचे होते. ही माणसे मरणासाठी बंदूक घ्यायला गेली नव्हती. बंदूक घरात होती, आणि एके दिवशी मनावर अंधार दाटला. असा अंधार बहुतेकदा सरतो. आत्महत्येच्या प्रयत्नातून वाचलेल्यांपैकी बहुसंख्य माणसे पुढे त्या मार्गाने मरत नाहीत. परंतु बंदुकीच्या प्रयत्नातून वाचणारा क्वचितच असतो. परतीची वाट तेथे जवळजवळ नसते.

याच राज्यातील २०२२ चा दुसरा अभ्यास घरातील इतर माणसांविषयी आहे. स्वतःकडे बंदूक नसलेली, पण बंदूकधारकाच्या घरात राहणारी माणसे हत्येला बळी पडण्याचे प्रमाण बंदूक नसलेल्या घरांतील माणसांच्या दुपटीहून अधिक आढळले. स्वतःच्या घरात जोडीदाराच्या गोळीने मरण्याचे प्रमाण तर सातपट होते. अनोळखी हल्लेखोराकडून घरात मारले जाण्याचा धोका मात्र बंदुकीमुळे घटल्याचा काही पुरावा मिळाला नाही. ज्याच्यासाठी बंदूक आणली तो दाराशी आलाच नाही. जे आत होते त्यांच्याच जिवाला ती भारी ठरली. या घरांतील पश्चात्तापाचे स्वरूप आता आपल्या लक्षात येईल. शस्त्र घेणे चुकीचे होते असे नव्हे, तर धोका कोणत्या दिशेने येईल याचा अंदाज चुकला होता.

भीतीपोटी मिळविलेल्या शस्त्राचे एक उदाहरण आपल्या महाराष्ट्रातही सर्वांना ठाऊक आहे. १९९३ च्या जानेवारीत मुंबई दंगलीत होरपळत असताना अभिनेते संजय दत्त यांनी बेकायदा मार्गाने एके-५६ रायफल मिळवली. कुटुंबाला धमक्या येत होत्या, त्याच्या रक्षणासाठी ती घेतली, असे त्यांचे म्हणणे होते. मार्चमधील बॉम्बस्फोटांनंतर चौकशी सुरू झाली तेव्हा त्यांनी मित्राकरवी ती नष्ट करविली. ती रायफल त्यांनी कोणावर चालवली नव्हती. तरीही वीस वर्षांनी, मार्च २०१३ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने शस्त्र कायद्याखालील दोषसिद्धी कायम ठेवून पाच वर्षांची शिक्षा दिली, आणि उरलेली शिक्षा येरवड्यात भोगून ते २०१६ मध्ये बाहेर आले. या प्रकरणाच्या इतर बाजूंत आपल्याला शिरायचे नाही. पण शस्त्र नष्ट करण्याचा निर्णय केव्हा झाला, याकडे मात्र पाहावे. पकडले जाण्याचे भय उभे राहिल्यावर तो झाला. एका भयाने शस्त्र घरात आणले आणि दुसऱ्या भयाने ते बाहेर काढले. या दोहोंच्या मध्ये पश्चात्तापाला जागा किती होती, हे अल्लाहच जाणे.

पश्चात्ताप आणि परिणामांचे भय यांत पवित्र कुरआननेही भेद सुचविला आहे. आदमपुत्रांची कथा आपण जाणता. एका भावाने दुसऱ्याची हत्या केली. मग एक कावळा जमीन उकरताना पाहून प्रेत कसे झाकावे हे त्याला उमगले आणि तो पस्तावणाऱ्यांत गणला गेला. अनेक भाष्यकार म्हणतात, हा पस्तावा तौबा नव्हता. भावाला मारल्याचे दुःख त्यात नव्हते. प्रेताचे काय करावे हे न सुचल्याची, कावळ्याइतकीही अक्कल नसल्याची ती खंत होती. मानवजातीच्या पहिल्या हत्येनंतरची ती पहिली हळहळ. ती खरी होती, पण फार उशिरा आणि भलत्याच गोष्टीसाठी होती.

धर्मपंडितांनी तौबा पूर्ण होण्यासाठी ज्या अटी सांगितल्या आहेत, त्यांत केवळ मनाची हळहळ पुरेशी मानलेली नाही. ती गोष्ट सोडणे, झाल्याबद्दल खंत वाटणे आणि पुन्हा तिकडे न वळण्याचा निश्चय करणे, या तीन अटी. आणि प्रकरणात दुसऱ्या माणसाचा हक्क गुंतला असेल तर त्याचा हक्क त्याला परत करणे, ही चौथी. इमाम नववी यांनी त्या क्रमाने नोंदविल्या आहेत. बंदूक घेणे हे स्वतःहून पाप नसल्यामुळे या अटी तिला जशाच्या तशा लागू करता येणार नाहीत, हे मान्य. तरीही चौथ्या अटीपाशी थांबणे भाग आहे. माझ्या घरातील बंदुकीमुळे ज्यांच्या जिवाला धोका वाढला, त्यांचा माझ्यावर हक्क निर्माण झाला आहे. हा हक्क मी कसा फेडू?

सर्वसाधारण माणूस फेडतो तो विकून. अमेरिकेत अनेक राज्यांत एक खासगी माणूस दुसऱ्याला बंदूक विकू शकतो; दुकानदारही जुनी बंदूक परत घेतो. घरातील धोका गेला, पैसेही आले. पण जरा विचार करा. प्रेषितांच्या (स.) बाजारातील एक प्रसंग आहे. धान्याच्या राशीत त्यांनी हात घातला, तर वरून कोरड्या दिसणाऱ्या राशीच्या आत ओल होती. पावसाने भिजले, असे विक्रेत्याने सांगितले. भिजलेले धान्य वर का ठेवले नाही, असे प्रेषितांनी (स.) त्याला विचारले आणि फसविणाऱ्याविषयी कठोर शब्द उच्चारले. मालातील दोष ग्राहकास सांगणे हे इस्लामी व्यापारनीतीचे मूलभूत तत्त्व आहे. आता पश्चात्ताप झालेला माणूस बंदूक विकायला निघाला, तर तिच्यातील कोणता दोष तो सांगेल? नळी स्वच्छ आहे, चाप हलका आहे, गोळी अडकत नाही. यंत्र म्हणून ती निर्दोष आहे. दोष कळला तो वेगळाच: हिच्यामुळे माझ्या घरात झोप उडाली, माझ्या तरुण मुलाच्या उदास चेहऱ्याकडे पाहून मी कपाटाच्या किल्ल्या लपवू लागलो, भांडणाच्या वेळी माझी पत्नी माझ्या हाताकडे पाहू लागली. हे तो ग्राहकास सांगेल काय? सांगितल्यावर ग्राहक घेईल काय? आणि न सांगता विकली, तर ओली रास कोरड्या दाण्यांखाली झाकून विकणाऱ्यापेक्षा तो कितपत निराळा?

माझ्या मते, या प्रश्नाचे उत्तर ग्राहक कोण यावर अवलंबून आहे. रानडुकरांनी शेत उद्ध्वस्त होत असलेला परिचित, परवानाधारक, सुस्थिर मनाचा शेतकरी ती मागत असेल, तर व्यवहारात काही वावगे नाही. जो कोण, कशासाठी आणि कोणत्या मनःस्थितीत घेत आहे हे ठाऊक नाही, त्याला विकणे ही आपली खंत दुसऱ्याच्या घरात पाठविण्याची रीत आहे. फितन्याच्या काळात, म्हणजे माणसे एकमेकांवर उठली असताना, शस्त्र विकणे प्रेषितांचे (स.) सहकारी इम्रान बिन हुसैन (रजि.) यांना नापसंत होते, याची नोंद इमाम बुखारी यांनी केली आहे. विकणारा स्वतः गोळी झाडत नाही, हा बचाव त्यांना पुरेसा वाटला नसावा.

विक्रेत्याच्या या जबाबदारीची जाणीव एका अमेरिकी दुकानदारालाही झाली. २००९ साली न्यू हॅम्पशायर राज्यातील एकाच दुकानातून आठवडाभरात तीन ग्राहकांनी बंदुका नेल्या आणि काही तासांतच त्या स्वतःवर चालविल्या. तिघांचा एकमेकांशी संबंध नव्हता. कायद्याने दुकानदाराचा काहीही दोष नव्हता. सर्व कागद रीतसर होते. तरीही त्याला हे सहन झाले नाही. सार्वजनिक आरोग्याचे काम करणाऱ्यांसोबत बसून त्याने आणि इतर विक्रेत्यांनी दुकानदारांसाठी सूचना तयार केल्या: ग्राहकाच्या बोलण्यात काय खटकले तर थांबावे, कोणते प्रश्न विचारावेत, केव्हा विक्रीस नकार द्यावा. हा उपक्रम पुढे इतर राज्यांतही पसरला. ज्याचा माल खपण्यावर पोट आहे, तो माणूस आपला माल न विकण्याची रीत इतरांना शिकवीत होता. त्याच्या श्रद्धेविषयी आपल्याला काही ठाऊक असण्याची गरज नाही; या वर्तनाला अमानतदारी म्हणतात.

विकायची नाही तर मग काय करायचे? एक मार्ग नष्ट करण्याचा आहे. यावर आक्षेप निघू शकतो, की संपत्ती वाया घालविणेही इस्लामला अमान्य आहे. आक्षेप वजनदार आहे. मदिनेत मद्य निषिद्ध ठरले तेव्हा लोकांनी ते रस्त्यांवर ओतले, अबू तल्हा (रजि.) यांनी अनाथांच्या मालकीच्या मद्याचा सिरका करावा काय असे विचारले, तर त्यासही अनुमती मिळाली नाही. परंतु मद्य स्वतःच निषिद्ध होते, बंदूक तशी नाही. तेव्हा हे उदाहरण आपल्याला अर्ध्या वाटेपर्यंतच नेते. पुढची अर्धी वाट शासन नेऊ शकते, आणि त्याचे उदाहरण ज्या भूमीत घडले तिचे नाव घेताच मन विदीर्ण होते.

१५ मार्च २०१९ रोजी, शुक्रवारी, न्यूझीलंडमधील क्राइस्टचर्च शहरात अल-नूर मशीद आणि लिनवूड इस्लामिक सेंटर येथे एका हल्लेखोराने ५१ श्रद्धावंतांना शहीद केले. त्याच्या बंदुका परवान्यावर, कायदेशीर मार्गाने घेतलेल्या होत्या. त्यानंतरच्या काही दिवसांत, कायदा बदलण्यापूर्वीच, काही नागरिकांनी आपल्या अर्धस्वयंचलित बंदुका आपणहून पोलिसांकडे नेऊन दिल्या. त्यांनी कोणताही गुन्हा केलेला नव्हता. शेतातील उपद्रवी प्राणी मारण्यासाठी किंवा छंद म्हणून घेतलेली ती हत्यारे होती. तरीही, जे यंत्र सजद्यात झुकलेल्यांवर चालविले गेले तसेच यंत्र आपल्या कपाटात असणे त्यांना नकोसे झाले. एप्रिलमध्ये तेथील संसदेने ११९ विरुद्ध १ मतांनी अशा बंदुकांवर बंदी घातली, आणि २० डिसेंबरपर्यंत चाललेल्या परतखरेदी योजनेत ५६ हजारांहून अधिक बंदुका जमा झाल्या. मालकाला मोबदला मिळाला आणि बंदूक यंत्राखाली चिरडली गेली. सर्वच मालक खुशीने आले असे नाही. अनेकांनी रोष व्यक्त केला. पण जे खुशीने आले, त्यांना विक्रीच्या पेचातून सुटण्याचा मार्ग मिळाला: घरातून गेलेली वस्तू दुसऱ्या घरात जाणार नव्हती.

ही खात्री सर्वत्र मिळते असे समजू नका. अमेरिकेत पोलीस वेळोवेळी बंदुका जमा करून घेतात. ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने २०२३ मध्ये उघडकीस आणले, की त्या नष्ट करण्याचे काम घेणाऱ्या काही कंपन्या केवळ कायद्याने ‘बंदूक’ ठरणारा एक भाग तोडून उरलेले सुटे भाग विकत होत्या. कोण्या आईने मुलाच्या मृत्यूनंतर डोळ्यांपुढून जावी म्हणून दिलेल्या बंदुकीची नळी दुसऱ्या कोणाच्या हाती गेली असेल, तर त्या आईच्या पश्चात्तापाशी ती प्रतारणाच म्हटली पाहिजे.

नष्ट करणे आणि विकणे यांच्या मधला मार्गही आहे, आणि तो मला अधिक माणुसकीचा वाटतो. कोलोरॅडो, वॉशिंग्टन यांसारख्या राज्यांत घरातील कोणी नैराश्यात असेल अथवा कलह वाढला असेल, तर बंदूक काही काळ ठेवून घेणाऱ्या दुकानांचे आणि पोलीस ठाण्यांचे नकाशे प्रसिद्ध केलेले आहेत. वॉशिंग्टन, व्हर्जिनिया आणि यूटा येथे तर नागरिक स्वतःच आपले नाव एका सूचीत नोंदवू शकतो, की यापुढे मला बंदूक विकू नये. शांत मनाने आज घेतलेला निर्णय उद्याच्या अशांत मनापासून आपले रक्षण करतो. अनर्थाकडे नेणारी वाट आधीच बंद करणे, हे फिकहमधील जुने तत्त्व आहे. येथे माणूस ती वाट स्वतःसाठीच बंद करतो.

आता आपल्या घराकडे वळू. कोकणात शेतीरक्षणासाठी बंदुकीचे परवाने आहेत, आणि त्यांत आपल्या समाजाची घराणीही आहेत. कित्येक ठिकाणी आजोबांची बंदूक प्रतिष्ठेची खूण म्हणून सांभाळली जाते. शेत कसणारे हात केव्हाच मुंबईला किंवा आखाती देशांत गेलेले असतात. उत्तर हिंदुस्थानात वरातीत हवेत गोळ्या झाडण्याची घातक हौस इतकी वाढली, की २०१९ च्या दुरुस्तीने त्यासाठी दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, अथवा दोन्ही, अशी शिक्षा ठेवावी लागली. त्याच दुरुस्तीने एका व्यक्तीने दोनहून अधिक बंदुका बाळगू नयेत असेही ठरविले.

ज्यांच्या घरी अशी बंदूक आहे, त्यांना एक अनुभव परिचित असेल. निवडणूक जाहीर झाली की पोलीस ठाण्यातून निरोप येतो आणि अनेक परवानाधारक आपली बंदूक जमा करून पावती घेऊन येतात. महिना-दोन महिने ती घरात नसते. त्या दिवसांत आपण रात्री अधिक दचकून उठलात काय? दाराची कडी अधिक वेळा तपासलीत काय? घरातील स्त्रियांना विचारून पाहा. त्यांचे उत्तर कदाचित आपल्यापेक्षा निराळे असेल. निकाल लागल्यावर पावती दाखवून ती परत आणण्याची घाई कोणी केली आणि का केली, हेही आठवून पाहावे.

परवाना हा वारसाहक्काने मिळत नाही. मालकाच्या मृत्यूनंतर वारसांपैकी कोणी स्वतःच्या नावे परवाना मिळविला नाही, तर ती बंदूक पोलिसांकडे किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावी लागते. आपण हयात असतानाच हा निर्णय घेता येतो. जिल्ह्यात जिल्हादंडाधिकारी आणि मुंबईसारख्या शहरांत पोलीस आयुक्त यांच्याकडे अर्ज करून परवाना परत करता येतो. वसीयतनामा लिहिताना शेत, घर, दागिने यांचा विचार आपण करतो; मुलांच्या वाट्याला ती बंदूक जावी की तो अर्ज, हेही त्याच बैठकीत ठरविता येईल.